गळ्याची बाजू

छोटेलाल सेठजींच्या मांडीशी एक लोखंडी पट्टी कायम पडलेली असायची. कुशलच्या बोटांना रुपयाची ओळख नंतर झाली, पट्टीची आधी. रुपयाच्या तोंडाला अंगठा लागला, की पट्टी. दोन रुपये एकमेकांवर घासले, की पट्टी. आणि तीही आडवी नाही, उभी, धारेवर.

"कडेनं धर बे," सेठजी म्हणायचे. "न्हाऊ घातलेलं लेकरू धरतेत तसा. तोंडावर बोट लावलं तर तुह्या घामाचा डाग त्याच्यावर राहते. तू मरशील, डाग नाही मरत."

पेरं सुजायची, आणि त्याच सुजलेल्या पेरांनी पुढचा रुपया आणखी जपून उचलावा लागायचा. कुशल तिशीला टेकलेला, धानाच्या बांदीत, भाताच्या शेतात वाढलेला गडी. त्याचे हात चिखलाचे, फावड्याचे. त्या हातांना चांदीच्या तुकड्याशी हळू बोलायला शिकवायचं होतं, आणि सेठजींना शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती.

दुकान गोरेगावच्या बाजारओळीतलं शेवटचं. पुढे गादी, मागे अंगण, अंगणात भट्टी. खेड्यापाड्यांतून मोडीची चांदी यायची: गोट, तोडे, कडे आणि राणीछाप कलदार रुपये. त्यातल्या बहुतेकांच्या कपाळी भट्टीच लिहिलेली. पण काही रुपयांचं गिऱ्हाईक वजनाचं नसे, चेहऱ्याचं असे. नागपूर, रायपूर, इंदूरकडचे हौशी लोक. त्यांना रुपया असा हवा, की टाकसाळीतून आत्ताच निघाला आणि कुठेच गेला नाही. राणीच्या मुकुटावरचे मणी सुटे दिसले पाहिजेत, केसांची बट न् बट उमटलेली पाहिजे. ते पारखणं ही सेठजींची विद्या. आता त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, म्हणून ती कुशलच्या पदरात पडत होती.

गादीवर पितळेच्या चार वाट्या मांडलेल्या. पहिलीत ताजा, म्हणजे हातांत फारसा न फिरलेला. दुसरीत फिरता, बाजार पाहिलेला पण नाकडोळे शाबूत असलेला. तिसरीत झिजका. आणि चौथीत मेला. भोक पाडलेला, तासलेला, टाका लावून डाग बसलेला. चौथी वाटी संध्याकाळी भट्टीकडे जायची.

"झीज आन् मार, ह्यात फरक कर," सेठजी भिंग त्याच्या डोळ्याला लावून देत. "झीज उंच जागेवर आधी येते. गाल, मुकुट, खांदा. हळूहळू येते, सगळीकडून येते. थे म्हातारपण होय. मार एकाच जागी येते. तठी कोनीतरी हात उचललेला असते. आन् ओरखडा पाहशील तर आत पाह्य. जुना ओरखडा आतून काळा. नवा आतून पांढरा, ओल्या नारळासारखा."

बोलताना त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा की कुशल पट्टी विसरायचा.

पहिल्या दिवाळीला त्यानं एक चूक केली. त्याच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बाया देवातले रुपये चिंच आणि चुलीच्या राखेनं घासायच्या, चंद्राच्या चकत्या होईपर्यंत. सेठजी गावाला गेलेले पाहून त्यानं दुसऱ्या वाटीतले सगळे रुपये तसेच घासले, लखलखीत केले आणि गादीवर ओळीनं मांडून वाट पाहत बसला. सेठजी आले. त्यांनी एक रुपया उचलला, उन्हाकडे धरला आणि दुसऱ्या हातानं कुशलच्या कानफटात अशी ठेवून दिली की तो वाट्यांवर जाऊन पडला.

"सोललंस तू त्यायले," सेठजी म्हणाले. "शंभर वर्षं लागतेत थे काळसर साय धरायले. जित्त्याचं कातडं काढलंस."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कुशलच्या कानात दिवसभर माशी गुणगुणत राहिली, पण त्याला राग आला नाही. रुपयासाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याच्या आत कुठेतरी झरा असणारच, असं त्यानं मनाशी धरलं आणि तो तिथंच राहिला. दुकानामागच्या खोलीत झोपायचा, सेठजींच्या घरचं जेवायचा.

दुकानाचा तिसरा माणूस म्हणजे हेमेंद्र, सेठजींचा पुतण्या. मोटारसायकलीवर गावोगाव फिरून मोड गोळा करायचा. रुपयाच्या अवस्थेशी त्याला घेणंदेणं नव्हतं. सगळा माल त्याला तराजूतलाच दिसायचा. "चांदी म्हंजे चांदी," तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणायचा, "तुमी दोघं तर तिची पत्रिका पाहून राहिले." कुशलला तो मास्टर म्हणायचा आणि पुडीतला पहिला खर्रा त्यालाच द्यायचा.

हारातले रुपये सेठजींनी अगदी शेवटी शिकवले. वर कडी बसवून हारात ओवलेल्या रुपयाची एक बाजू आयुष्यभर अंगाला लागलेली असते. घाम, चोळी, हळद, धान कांडतानाचा धक्का, सगळं तिला लागतं. ती गुळगुळीत होते, बाहेरची ठळक राहते. दुकानात तिला नाव होतं, गळ्याची बाजू.

"बाया राणीचं तोंड बाहेर ठेवतेत," सेठजींनी सांगितलं. "म्हनून हारातल्या रुपयाची राणी चांगली निघते आन् मागची वेल जाते. मी उभ्या जल्मात याच्याहून उलटं नाही पाह्यलं."

कुशलनं पाहिलं. त्याच वर्षी, पोळ्याला.

चोरखमाऱ्याच्या तलावाखाली त्याचं गाव. आई लहानपणीच गेली, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीनं, शकुंतलाबाईनं, त्याला पोटाशी घेतलं. तो तिला मोठमाय म्हणायचा. बारीक चणीची, काटक बाई. रोवणीच्या दिवसांत बांधावरून तिचा आवाज निघाला की शेजारच्या बांदीतल्या बायांचे हात त्याच तालावर पडायचे. गाणी ती स्वतःच जोडायची.

बांदीत उभं पानी, पान्यात उभी बाई,
पाठीवर ऊन घेऊन सावली लावत जाई.

तिच्या गळ्यात तिच्या सासूचा रुपयांचा हार असायचा. पोळ्याच्या दुपारी ती ओट्यावर बसलेली असताना कुशल म्हणाला, "मोठमाय, हार काढून दे ना जरा."

"काऊन रे? चाखून पाहतं का?"

"पाह्यतो फक्त. तेच तर शिकून राहिलो."

"तीन वर्षं रुपये पाहाचेच शिकून राहिलं हे पोट्टं. बायको पाह्य म्हना एखादी."

तिनं डोक्यावरून हार काढून दिला. तो तिच्या अंगाच्या उबेनं उबदार होता. कुशलनं पहिलाच रुपया कडेनं धरला आणि उन्हाकडे वळवला. राणीचा चेहरा नदीच्या गोट्यासारखा सपाट. नाक नाही, डोळा नाही, मुकुटाची नुसती सावली. मागची वेल मात्र पाकळीपाकळीनं जिवंत. त्यानं दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे तसेच.

"हे उलटं कसं ओवलं?"

"माह्या सासूनं पटव्याले सांगून उलटं ओवून घेतलं. म्हने, परक्या बाईचं तोंड आपल्या छातीवर काऊन मिरवाचं? तिले म्हना, तू आत पाहत राह्य. आमी बाहेर पाहतो."

"राणीचं नाक गेलं ना पार."

"माह्यं कोनतं राह्यलं?" मोठमाय म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

त्यानं दुकानात याबद्दल चकार शब्द काढला नाही. सेठजींना असा हार कळला असता तर त्यांनी मागितला असता. आणि सेठजींना नाही म्हणणं कुशलला अजून जमत नव्हतं.

कार्तिकात धान कापणीला आलं. मोठमाय कापणाऱ्या बायांची शिदोरी डोक्यावर घेऊन तलावाच्या पारीवरून, बांधावरच्या रस्त्यानं निघाली होती. मागून मोटारसायकल आली. दोघं होते, तोंडाला दुपट्टे बांधलेले. मागच्यानं वाकून हार धरला आणि पुढच्यानं गाडी पळवली.

हार ओवायचा लाल दोऱ्याचा गोफ पटव्यानं जन्मभर पुरावा म्हणून वळला होता. तो तुटला नाही. बाई पडली, शिदोरी पडली, गाडी थांबली नाही. मुरमाच्या रस्त्यावरून ते तिला ओढत घेऊन गेले, पारीच्या मोरीपर्यंत. तिथं कधीतरी गोफ तुटला. कापणीच्या बाया विळे घेऊनच धावल्या. त्यांना आधी वाटलं, रस्त्यावर कोणाचं लुगडं पडलंय.

गोंदियाच्या दवाखान्यात कुशल तिच्या खाटेशी बसून राहिला. गुडघ्यांची, कोपरांची कातडी गेलेली. गळ्याभोवती गोफाचा काळानिळा वळ, वेणीसारखा पीळ उमटलेला, आणि त्याच्या खाली नळी. घशातली कूर्चाच मोडलीय, डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल. आवाजाचं सांगता येत नाही.

कुशलनं तो वळ पाहिला, आणि त्याच्याही नकळत त्याचा डोळा कामाला लागला. एकाच जागी, एकाच दिशेनं. मार.  तो खाली वाकला आणि तिच्या कानाशी बोलला.

"मोठमाय, ज्यानं हे केलं त्याले मी जित्ता नाही ठेवत. भेटू दे फक्त. त्याचा गळा माह्या हातानं मोडतो."

तिला मान हलवता येत नव्हती. चादरीवरचा तिचा तळहात तेवढा उठला आणि हळूहळू हलला. इकडून तिकडे. नाही, नाही. कुशलनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आठवडाभरानं तो कपडे न्यायला गोरेगावला आला. बाजाराचा दिवस होता. एसटी स्टँडपासून दुकानापर्यंत भाज्यांची, सुक्या मासळीची, विळेकोयत्यांची पालं लागलेली. गादीवर कोणी नव्हतं. सेठजी आत जेवत होते. मागच्या अंगणात भट्टीच्या पंख्याचा घुंईं आवाज येत होता. एवढ्या भरदुपारी भट्टी कधी लागत नसे.

हेमेंद्र भट्टीशी उकिडवा बसला होता. मुशीत चांदी वितळायला लागली होती. कुशलला पाहून तो उभा राहिला.

"अरे मास्टर. तू तर येनार नव्हता ना?"

"कपडे न्याले आलो."

"मोठमाय कशी आहे?"

"जित्ती आहे. बोलत नाही."

"बोलन ना. टाइम लागते." त्यानं खिशातून खर्ऱ्याची पुडी काढून पुढे केली. "घे."

कुशलनं पुडी घेतली नाही. भट्टीच्या कट्ट्यावर एक थाळी होती आणि तिच्यात रुपये होते. त्याचा हात सवयीनं तिकडे गेला. इतके दिवस डोळ्यांसमोर फक्त तो वळ होता. बोटांना काहीतरी वेगळं धरायला हवं होतं.

"थे सोड," हेमेंद्र म्हणाला. "सगळा मेला माल आहे. केशोरीकडचा. म्हातारी वारली, पोरानं मोडला."

कुशलनं एक रुपया कडेनं उचलला आणि उन्हाकडे वळवला. राणीला नाक नव्हतं. त्यानं तो पालथा केला. वेल पाकळीपाकळीनं जिवंत होती. त्यानं दुसरा उचलला. तिसरा. सगळ्यांवर वरच्या कडेला कडी होती तिथं कातरीनं छाटलेलं, आणि छाटलेली जागा आतून पांढरीशुभ्र, ओल्या नारळासारखी. एकाची कडी छाटायची राहून गेली होती. ती ताणून लांब झाली होती, मधमाशीची नांगी निघावी तशी, आणि तिच्या फटीत दोऱ्याचा लाल धागा अडकला होता. धाग्याला काहीतरी सुकून कडक झालं होतं.

"कुठचा माल म्हनला?"

"सांगतलं ना, केशोरीचा."

"हे माह्या मोठमायचे आहेत."

हेमेंद्र हसला. "नाव लिहून आहे का त्याच्यावर? साऱ्या दुनियेच्या म्हाताऱ्यायच्या गळ्यात हेच रुपये असतेत." हसताना त्याचा डोळा मात्र दाराकडे गेला. "बडेपापा, जरा बाहेर या. मास्टरचं डोस्कं फिरून राहिलं."

सेठजी हात पुसत आले. कुशलनं रुपया त्यांच्यापुढे धरला.   ज्यानं शिकवलं त्याच्याच हातात तो ठेवत होता. सेठजींनी खिशातून भिंग काढलं, चांगल्या डोळ्याला लावलं. त्यांचा श्वास थांबलेला कुशलला दिसला. त्यांनी रुपया उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

मग त्यांचा अंगठा रुपयाच्या तोंडावर आला. पुरता, दाबून, राणीचा चेहरा झाकेल असा.

"मेला माल आहे," रुपया थाळीत परत टाकत सेठजी म्हणाले. "टाक मुशीत."

कुशलला आधी काही कळलंच नाही. मग सगळं एकदमच कळलं. भरदुपारची भट्टी, थाळीतला लाल धागा, गेल्या पावसाळ्यात हेमेंद्रनं आणलेला तसाच कड्या ताणलेला माल, त्याच्या आधीचाही. ज्याला त्यानं झरा समजलं होतं ते रुपयापुरतंच होतं. माणसाच्या गळ्यापर्यंत ते पोचतच नव्हतं.

हेमेंद्रनं थाळी उचलून मुशीवर पालथी केली.

रुपये सुळकन घसरले. कुशलचा उजवा हात त्यांच्या मागे गेला. डोक्यानं पाठवला नव्हता, तो आपणच गेला. मुशीच्या तोंडाशी त्यानं मूठ आवळली आणि बाहेर ओढली. कातडी चरचरली, तो वास त्याला आला, वेदना मात्र नंतर आली. मुठीत दोन रुपये होते. बाकीचे वितळत्या चांदीत वाकडे होऊन बुडत होते, राणीमागून राणी.

हेमेंद्रनं सांडशी फिरवली. ती कुशलच्या खांद्याच्या हाडावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज त्याला आतून ऐकू आला. दुसरा फटका कपाळावर. रक्त डोळ्यांत उतरलं. कुशलनं डोकं खाली घातलं आणि बैलासारखा सरळ त्याच्या तोंडावर गेला. हेमेंद्रचं नाक चेपलं, दात ओठांतून बाहेर आला. दोघं भट्टीवर कोसळले. मूस कलंडली, चांदी फरशीवर पळाली, निखारे अंगणभर उधळले. पंखा आडवा पडून रिकामाच घुंई घुंई करत राहिला.

कुशल वर होता. डावा हात चांगला होता. त्या हातानं त्यानं हेमेंद्रची मानगूट धरली, गुडघा पाठीत रोवला आणि त्याचं तोंड निखाऱ्यांकडे न्यायला सुरुवात केली. एकदम नाही. हळू. हेमेंद्रचे केस आधी पेटले, मग भुवई.

"कोन होता तुह्यासोबत?" कुशलनं विचारलं. त्याचा आवाज शांत होता. त्यालाच त्याची भीती वाटली.

"गुड्डू… तिरोड्याचा गुड्डू. सोड, आई शपथ, सोड ना बे. गोफ तुटंल म्हनून वाटलं आमाले."

"थांबाले काय झालं होतं?"

 हेमेंद्र नुसता ओरडला. ओरडणं ऐकून बाजार आत शिरला. मासळीवाले, कोयतेवाले, पिशव्या काखेत मारलेल्या बाया, सगळे अंगणाच्या दारात गच्च झाले. पुढे कोणी येईना.

सेठजी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी हात जोडले. "कुशल, बेटा. लेकरू आहे थो माह्या भावाचं."

"रुपया सांगा सेठजी." कुशलनं जळलेली मूठ उघडली. कातडी रुपयाला चिकटून सोबत आली. त्यातला एक त्यानं फरशीवर टाकला. "यायच्यासमोर सांगा. मले शिकवलं तसं."

"बेटा…"

त्यानं मानगूट आणखी दाबली. हेमेंद्रचा गाल निखाऱ्याला टेकला. जो आवाज त्याच्या तोंडून निघाला तो माणसाचा राहिला नव्हता.

"राणीछाप," सेठजी ओरडले. त्यांनी रुपया उचलला. तो अजून पोळत होता, तरी त्यांनी तो कडेनंच धरला. "हाराचा रुपया. राणी पार झिजलेली. वेल ठळक. हार उलटा ओवलेला, गळ्याची बाजू राणीची. असा हार मी जिंदगीत दुसरा नाही पाह्यला." ते रडत होते आणि सांगत होते, आणि रडतानाही शब्द जागच्या जागी पडत होते. "छाटलेल्या कडीचं बूड ताणलेलं. छाट ताजी, आठ-दहा रोजची. काढलेला नाही. ओढलेला आहे. बाईच्या अंगावरून ओढलेला आहे."

दारातली गर्दी हलली. मागच्यांना पुढचे सांगू लागले.

"तुमाले मालूम होतं?"

"मी विचारत नव्हतो," सेठजी म्हणाले. "माल येत होता. मी कधी विचारलं नाही."

कुशलला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. नाव, साक्ष, भर बाजारातली. आता फक्त हात उघडायचा होता. त्यानं हाताला सांगितलं. हात उघडला नाही. बोटांखाली हेमेंद्रच्या मानेची शीर धडधडत होती आणि तिला आणखी थोडं, अगदी थोडं दाबलं की ती थांबेल हे बोटांना कळत होतं. बारीक गोष्टी कळायलाच ती बोटं तयार झाली होती.

गंगाबाई भाजीवालीनं गर्दीला कोपर मारून वाट काढली. पालेभाजीवर शिंपडायची पाण्याची बादली तिच्या हातात होती. तिनं ती दोघांच्या अंगावरून निखाऱ्यांवर ओतली. वाफेचा लोट उठला, सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यात कोणीतरी कुशलची बोटं एकेक करून उकलली. कोयतेवाला म्हणत होता, "सोड दादा. झालं. आता सोड."

हेमेंद्र मेला नाही. त्याचा एक गाल गेला, कान गेला. डोळ्याचं नागपूरला नेल्यावर कळणार होतं. पोलिसांनी तिघांनाही उचललं. फरशीवर पसरून थिजलेली चांदी त्यांनी छिन्नीनं काढली. तिच्यात अर्धवट बुडालेली एक वेल दिसत होती. दोन रुपये वेगळे कापडात बांधून लाखेनं बंद केले. गुड्डूला संध्याकाळी तिरोड्यात धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसराम नावाचा हवालदार कुशलला पट्टी करायला गोंदियाला घेऊन गेला. डॉक्टरांनी उजव्या हाताची बोटं पाहिली. "चालतील," ते म्हणाले, "पण टोकांना आता काही जाणवायचं नाही." खांदा बांधला, कपाळाला टाके घातले. बाहेर आल्यावर कुशलनं हवालदाराला विचारलं, बायांच्या वॉर्डात एकदा जाऊ का. परसरामनं घड्याळ पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं. "जा. मी दारात आहे. पळू नको बापा, माह्यानं धावनं होत नाही."

मोठमाय उशाला टेकून बसली होती. खिडकीतून तिच्या मांडीवर ऊन आलं होतं. तिनं त्याला पाहिलं. कपाळ, गळ्यात टांगलेला हात, दुसऱ्या हातावरची हेमेंद्रच्या नखांची रेघोटी. दारातला हवालदार पाहिला. तिची नजर घाईत नव्हती.

"हार सापडला," कुशल म्हणाला. "दोनच रुपये राह्यले. बाकीचे गेले. पन दोघंही सापडले."

तिनं हात हलवला. हाराचं नको. तिनं त्याच्या डाव्या हाताकडे बोट केलं आणि भुवया उचलल्या.

खोटं बोलायचं त्यानं ठरवलं होतं. जिन्यात तसं जुळवूनही आणलं होतं. तिच्यासमोर ते कुठे गेलं कोण जाणे.

"सेठजीनं कबूल केल्यावरही मी सोडत नव्हतो, मोठमाय. त्याचं तोंड निखाऱ्यावर धरलं होतं. त्याची शीर माह्या बोटाखाली होती आन् मले थे थांबवाचीच होती. लोकायनं हात सोडवला. मी नाही सोडला."

तिनं त्याला जवळ ये म्हणून खुणावलं. तो खाटेच्या कडेवर वाकला.

आईवेगळं लेकरू म्हणून जिनं त्याच्यावर कधी बोट उचललं नव्हतं, तिनं त्याच्या गालावर चपराक मारली. जेवढी ताकद अंगात उरली होती तेवढी सगळी लावून. फार जोराची नव्हतीच ती. नळीतून एक शीळ निघाली, तिचा सगळा देह हलला आणि डोळे भरून आले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

मारलेला हात परत मागे घ्यायला मात्र तिच्यात बळ उरलं नाही. तो तिथंच राहिला, त्याच्या गालावर, विळ्याच्या मुठीनं घट्टे पडलेला, खरबरीत, ऊन. कुशलनं मान हलवली नाही. दारातून परसराम हवालदारानं एकदा आत डोकावलं, आणि तो पाठ करून उभा राहिला.